‘पक्ष्याचे नाव’ हा रकाना भरताना

वर्धा नदीच्या दरडीत बिळं करून राहणाऱ्या एका चिमुकल्या पाकोळीचं नाव नक्की करायला नोव्हेंबर २०२४ मध्ये लागले, ते नक्की व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. त्या नावाचा सरकारी कागदावर उपयोग होईपर्यंत होळी आली. मधल्या काळात काय काय करावं लागलं, कुणाला विचारावं लागलं, पैसे कुठे गेले, ते लिहून ठेवते आहे. नदीकाठी राहणाऱ्या कुणाला अशीच बिळं दिसली तर सुरुवात कुठून करायची एवढं तरी कळेल.

मी पक्ष्यांमधली जाणकार नाही. ग्रामीण डाक सेवक आहे. शाखा डाकघराचं काम दुपारपर्यंत आटोपतं, मग टपाल वाटायला गाडीवर निघते. आमच्या शिवाराच्या टोकाला वर्धा नदी आहे. अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे यवतमाळ. नदीने आमच्या बाजूला वळणावर दरड कापली आहे, दोन पुरुष उंच, एकदम सरळ. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट गाळाचा आणि बारीक रेतीचा थर, आणि पाण्यालगत भरड रेती. बिळं सगळी त्या मधल्या पिवळ्या थरात. वरच्या काळ्या मातीला ऊन लागलं की भेगा पडतात, खालची रेती हात लावला की ढासळते. मधला थर तेवढा खणायलाही सोपा आणि टिकणारा. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, दरडीसमोर बसल्यावर आपोआप कळतं.

नोव्हेंबरच्या शेवटी, पऱ्हाटीची वेचाई जोरात असताना, तिथे पाखरांची ही गर्दी दिसली. पाण्यावर खाली-वर, फडफड उडणारी, चिमणीपेक्षा बरीच लहान, मातकट रंगाची. आवाज कोरडा, बारीक घासल्यासारखा. पात्रात टरबूज-डांगराची वाडी करणारे एक काकाजी आहेत, त्यांना विचारलं.

“हे पाखरं पाणी उतरलं का येतेत, ताई,” ते म्हणाले. “नदी जागा बदलवते, तसे हेबी बदलवतेत. पन एखांद्या साली आलेच नाही, असं नाही झालं.”

नाव मात्र त्यांच्याकडे नव्हतं. पाकोळी किंवा भिंगरी, बस. गावात देवळाच्या कमानीत राहते तीही पाकोळी, पुलाखाली मातीची घरटी करते तीही पाकोळी. इतपत नावावर माझंही भागलं असतं. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दरडीच्या वर चुन्याची रेघ पडलेली दिसली. दिवाळी झाली की आमच्याकडे वीटभट्ट्या लागतात, आणि भट्टीला माती याच दरडीची जाते.

भट्टीवाले दादा गावातलेच. त्यांच्याकडे गेले, सांगितलं की आत अंडी-पिल्लं असतील. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, “ताई, तहसीलची परवानगी हाय माह्याजवळ. रॉयल्टी भरली हाय. तुमच्याजवळ काही कागद असन तं दाखवा, मंग पाहू. आन तवरोक वरच्या आंगानं सुरू करतो, इकडं फेब्रुवारीत येईन.”

त्यांचं बोलणं रास्त होतं. म्हणजे हातात दोन महिने होते आणि कागद आणायचा होता.

ग्रामपंचायतीत सांगितलं तर ग्रामसेवक म्हणाले, पक्षी म्हणजे वन विभाग. वनरक्षक बीटवर भेटले. भले माणूस. त्यांनी वहीचं पान फाडून त्यावर मुद्दे लिहून दिले: पक्ष्याचे नाव, शास्त्रीय नाव, घरट्यांची अंदाजे संख्या, गट नंबर, फोटो. पुढे तोंडी जोडलं, “नुसतं पाकोळी लिहू नका. साहेब विचारतात कोणती, अन् मग फाईल परत येते.” त्यांच्याकडूनच एक कामाची गोष्ट कळली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हेही येतं. नदीचा काठ महसूलचा असला म्हणून वन विभागाचा संबंध संपत नाही.

तर रकाना पहिला: पक्ष्याचे नाव.

मोबाइलने काढलेल्या फोटोंत आकाश आणि काळे ठिपके. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर आहेत, त्यांच्या पेन्शनर वडिलांची पार्सलं माझ्या हातून जातात. त्यांनी ८ बाय ४०ची दुर्बीण वापरायला दिली आणि बजावलं की आधी कोण नाही ते ठरवा, कोण आहे ते नंतर.

ही पद्धत मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली बाद झाली ती देवळाच्या कमानीतली. ती खरं म्हणजे पाकोळ्यांच्या कुळातलीच नाही; इंग्रजीत तिला लिटल स्विफ्ट म्हणतात. काळी, कंबरेवर पांढरा पट्टा, पंख विळ्यासारखे वाकडे. तिचे पाय असे असतात की ती तारेवर बसूच शकत नाही, भिंतीला लोंबते. दरडीतले पक्षी तारेवर मजेत बसत होते.

दुसरी डस्की क्रॅग मार्टिन. जुन्या वाड्यांच्या छताखाली, पुलांना, कड्यांना मातीची अर्धी वाटी चिकटवून राहणारी. तीही मातकटच, म्हणून घोळ होतो. पण ती खालूनही गडद असते, आणि वळताना शेपूट पसरली की तिच्यात पांढऱ्या टिकल्यांची ओळ दिसते. डोक्यावरून पक्षी गेला की पोट पाहायचं. पांढरं असेल तर क्रॅग मार्टिन सोडून द्या. आमच्याकडची पोटं पांढरी होती.

तिसरी पुलाखालची, मडक्यांच्या उतरंडीसारखी शेकडो घरटी एकमेकांना खेटून बांधणारी. स्ट्रीक-थ्रोटेड स्वॅलो. तिचा माथा तांबूस आणि गळ्या-छातीवर रेघा. ती माती तोंडाने आणून घर बांधते, आत शिरून खणत नाही. बाद.

बिळं दुसरेही करतात, हेही डोक्यात ठेवावं लागतं. त्याच दरडीत टोकाला कवड्या खंड्याचं बीळ होतं, तोंड चांगलं रुंद, खाली विष्ठेचा पांढरा ओघळ आणि जवळ गेलं तर माशांचा वास. वेडे राघूही दरडीत खणतात. पण पाकोळीच्या बिळाचं तोंड लहान, माझी तीन बोटं जेमतेम मावतील एवढं, आणि ती एकटी-दुकटी नसतात, वस्तीच असते.

मग उरल्या रिपारिया या प्रजातीतल्या तीन बहिणी: सँड मार्टिन, पेल मार्टिन आणि ग्रे-थ्रोटेड मार्टिन. इथून खरी कसोटी सुरू झाली. तिघी लहान, तिघी वरून मातकट, खालून पांढऱ्या. सँड मार्टिनचा गळा पांढरा आणि छातीवर आडवा तपकिरी पट्टा, ठसठशीत. पेल मार्टिन आणखी फिकट, तिचा पट्टा पुसट. ग्रे-थ्रोटेडला पट्टाच नाही. गळा आणि छाती सलग करडी-तपकिरी, आणि तो रंग खाली जात जात पोटाच्या पांढऱ्यात विरून जातो. वाचायला सोपं आहे. डोळ्यांपुढून सरकन जाणाऱ्या पक्ष्यावर पट्टा आहे की सावली, हे सांगा बरं.

मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, फोटोवरून पक्षी सुचवतं. त्याचा भारताचा संच आधी उतरवून घ्यावा लागतो आणि तो बराच मोठा आहे. आमच्या गावात नेट रांगतं, म्हणून तालुक्याच्या बसस्टँडवर बसून उतरवला. त्याने माझ्या फोटोंवर आलटून पालटून सँड मार्टिन आणि ग्रे-थ्रोटेड असं सांगितलं. त्याचा तरी काय दोष, फोटो उन्हाच्या विरुद्ध बाजूने काढलेले. सरांना दाखवले तर ते म्हणाले, “उडणाऱ्याच्या मागे लागू नका. सकाळी ऊन खायला कुठे बसतात ते शोधा.”

बसत होत्या नदीवरच्या मोटारपंपाच्या तारेवर. सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला, धुकं विरलं की.

२९ डिसेंबरला, रविवारी, नागपूरहून भाचा त्याचा लांब झूमचा कॅमेरा घेऊन आला. पेट्रोलचे पाचशे रुपये मी दिले, वांग्याचं भरीत वरून. सूर्य पाठीशी ठेवून तारेपासून पुरेशा अंतरावर, एका धुऱ्यावर बसलो. तारेवर पंधराएक पाकोळ्या होत्या, पिसं फुगवून, पाय दिसू नयेत इतक्या गोल. दुर्बिणीत पहिल्यांदाच गळा नीट दिसला. ओल्या फडक्याने पुसलेली पाटी वाळताना जो फिकट करडेपणा राहतो, तसा. हनुवटीपासून छातीपर्यंत एकसारखा, मध्ये रेघ नाही, पट्टा नाही. चोच इवलीशी, काळी. शेपटीला खाच आहे पण उथळ, घरातल्या भिंगरीसारखी लांब टोकं नाहीत. एक पंख ताणून खाजवत होती तेव्हा पंखाची खालची बाजू दिसली, धुरकट.

आणि याच तारेवर डावीकडून चौथी बसलेली वेगळी होती. जराशी मोठी, गळा पांढरा, तो पांढरा रंग कानामागे वळलेला, आणि छातीवर स्वच्छ तपकिरी पट्टा. सँड मार्टिन! दोघी एका फोटोत आल्या. वेगळेपण सांगणाऱ्या कितीही ओळी वाचल्या तरी जे समजत नव्हतं ते त्या एका फोटोने समजावलं. सँड मार्टिन आपल्याकडे थंडीतली पाहुणी. तिची वीण दूर उत्तरेकडे, तिकडच्या उन्हाळ्यात होते. ग्रे-थ्रोटेड इथलीच, आणि ती वीण करते हिवाळ्यात. म्हणून विदर्भात डिसेंबर-जानेवारीत बिळात चारा घेऊन शिरणारी पाकोळी दिसली तर तो मोठाच पुरावा असतो. रंग नंतर पाहिला तरी चालेल.

पुरावा मिळाला तरी शिक्कामोर्तब हवं होतं, कारण वनरक्षकांनी विचारलंच असतं की हे कोण म्हणतं. सरांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायला सांगितली. हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचं काम, २००२ पासून चालू आहे. नोंदी आपल्यासारख्या लोकांच्याच, आणि त्या तपासणारे त्या-त्या भागातले स्वयंसेवक. खातं फुकट. मी संख्या १४० लिहिली, तर ई-बर्डच्या ॲपने लगेच लाल खूण दाखवून खुलासा मागितला. घाबरू नका, याचा अर्थ चूक असा नाही. त्या भागासाठी, त्या महिन्यासाठी जी मर्यादा ठरवलेली असते तिच्या वर आकडा गेला की असं होतं. मोजणी कशी केली, काय पाहून ओळखलं, जवळच्या जाती कशावरून वगळल्या, हे मी मराठीतच लिहिलं. जात नक्की नसेल तर ‘मार्टिन, जात अनिश्चित’ या धर्तीची नोंद करण्याची सोय आहे. अंदाजपंचे नाव टाकण्यापेक्षा ती बरी.

मग दोन आठवडे काहीच नाही. १६ जानेवारीला तपासणाऱ्यांची मेल आली, तीही मराठीत. त्यांना समोरून काढलेला, गळा स्पष्ट दिसणारा फोटो हवा होता, आणि बिळाच्या तोंडाशी जाऊन काढलेला एकही फोटो नको होता. घरट्यापाशी घुटमळलं तर आई-बाप आत जायला कचरतात, शिकारी पक्ष्याला जागा कळते, आणि एकाचा फोटो पाहून आणखी दहा जण येतात. तारेवरचे दोन फोटो पाठवले. तीन-चार दिवसांत नोंद मान्य झाली. ग्रे-थ्रोटेड मार्टिन, रिपारिया चायनेन्सिस.

इथे एक खड्डा आहे, तो आधीच सांगते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत आणि याद्यांत हाच पक्षी प्लेन मार्टिन किंवा ब्राऊन-थ्रोटेड सँड मार्टिन या नावाने आहे, आणि शास्त्रीय नाव रिपारिया पॅल्युडिकोला. पुढे आफ्रिकेतली आणि आशियातली पाकोळी वेगवेगळी मानली गेली. पॅल्युडिकोला आफ्रिकेकडे राहिलं आणि आपली चायनेन्सिस झाली. कार्यालयातली यादी कोणत्या सालची असेल याचा भरवसा नाही. अर्जात नवं नाव लिहून कंसात ‘पूर्वीचे नाव’ म्हणून जुनंही लिहा. माझ्या अर्जावर टेबलापलीकडच्या बाबूंनी यादीत बोट फिरवलं, नवं नाव सापडलं नाही, जुनं सापडलं, आणि अर्ज पुढे सरकला.

नाव मिळालं, आता घरट्यांची संख्या. बिळं मोजणं सोपं, पण बीळ म्हणजे घरटं नाही. काही अर्धवट सोडलेली असतात, काही मागच्या सालची. काकाजींच्या वाडीतल्या खोपीत बसून, दरडीपासून चांगलं तीस मीटर लांब, मी कागदावर दरडीचं चित्र काढलं आणि बिळांना ओळीने आकडे दिले. मग कोणत्या बिळात कोण शिरतं तेवढं टिपत गेले. ७८ बिळांपैकी ये-जा असलेली ३१ निघाली. अर्जात ३१च लिहिले. फुगवून लिहिण्यात काही फायदा नसतो, पाहणीला आलेल्या माणसाने मोजलं तर सगळाच अर्ज हलका पडतो.

हे दिवस मात्र फार सुखाचे गेले. जानेवारीतही काही जोड्यांचं खणणं सुरू होतं. नर-मादी दोघंही खणतात. पाकोळी दरडीला नखांनी घट्ट धरते, शेपूट मातीला टेकवते आणि चोचीने टोचते. थोडं आत गेलं की पायाने माती मागे झाडते. बाहेर फक्त शेपूट दिसते आणि तिच्याखालून रेतीची बारीक धार गळते. दरडीच्या पायथ्याशी ताज्या पिवळ्या मातीची छोटी ढिगुळी दिसली तर वरचं बीळ चालू आहे असं समजावं. बोगदा हातभर, कधी त्याहून जास्त आत जातो आणि टोकाला रुंद होतो. तिथे गवत आणि पिसांचं अंथरूण, त्यावर पांढरी, ठिपके नसलेली अंडी. आतलं मी पाहिलेलं नाही, पाहायचंही नाही. अंथरुणाची तयारी मात्र बाहेरून दिसते. काकाजींच्या खोपीजवळ कोंबडीचं एक पांढरं पीस वाऱ्यावर उचललं गेलं, एका पाकोळीने ते हवेतच पकडलं, दुसरी मागे लागली, पीस सुटलं, तिसरीने घेतलं. पाण्याला टेकायच्या आत चार जणींच्या चोचीतून फिरून ते एका बिळात गेलं. काकाजींनी दुसऱ्या दिवशी मूठभर पिसं आणून मुद्दाम सोडली. मी काही बोलले नाही.

हिवाळ्यातच वीण का, याचं उत्तरही समोरच होतं. पावसाळ्यात हीच दरड पाण्याखाली असते. पाणी उतरतं तेव्हा नुकतीच कापलेली, ओलसर, स्वच्छ भिंत उघडी पडते आणि खाली उथळ पाण्यावर चिलटं-माश्यांचे थवे. पुढच्या पुराच्या आत पिल्लं उडालेली हवीत. सगळं पंचांग नदीचं.

काकाजींनी आणखी एक गोष्ट सांगितली तिने माझा अर्जच बदलला. दरडीचा अर्धा भाग नदीने कापलेला, पण उरलेला अर्धा भट्टीवाल्यांनी दोन-तीन सालांआधी माती काढली तेव्हाचा. आणि पाखरं दोन्हीकडे सारखीच. मातीची ताजी, उभी कापलेली भिंत या पाकोळ्यांना चालते. परदेशात सँड मार्टिन रेतीच्या खाणींत वस्ती करतात हे नंतर वाचलं. म्हणजे भट्टी बंद करा म्हणणं पक्ष्यांच्याही फायद्याचं नव्हतं. भांडण मातीचं नव्हतं, महिन्यांचं होतं. मी आधीच्या मसुद्यातला ‘उत्खननास कायमची बंदी घालावी’ हा परिच्छेद काढून टाकला आणि लिहिलं: नोव्हेंबर ते एप्रिल या काळात या दरडीस हात लावू नये; त्यानंतर आमची हरकत नाही.

गट नंबरचं म्हणाल तर नदीचा काठ बहुतेक वेळा कुठल्याच गटात नसतो. महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून दरडीला लागून असलेल्या वावराचा गट नंबर घेतला आणि ‘लगतचा नदीकाठ’ असं लिहिलं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना निघतो, तो जोडला. सोबत मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. फोटोंच्या रंगीत प्रिंट २० रुपयाला एक. नोटरी, स्टॅम्पपेपर यांची काही गरज पडली नाही, कुणी सांगितलं तरी आधी विचारून घ्या.

३ फेब्रुवारीला, सोमवारी, अर्ज रवाना केला. मूळ प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, प्रती तहसीलदार आणि ग्रामपंचायतीला. पहिल्या दोन्ही रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, प्रत्येकी तिसेक रुपये. ग्रामपंचायतीत हातोहात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. माझ्याच पोस्टात माझंच रजिस्टर करताना हसू येत होतं. पण हाती पोचपावती असली की फोनवर “अर्ज मिळालाच नाही” हे वाक्य ऐकावं लागत नाही.

त्यानंतरचे आठवडे वाईट. फेब्रुवारी लागला होता, जेसीबी वरच्या अंगाने सरकत खाली येत होता आणि कागद कुठे आहे ते कळत नव्हतं. रात्री झोप लागेना. भट्टीवाल्या दादांना पोचपावत्या नेऊन दाखवल्या. त्या काही आदेश नव्हत्या, पण ते म्हणाले, “असन तं असू द्या, महाशिवरात्रीलोक थांबतो.” महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. दुसऱ्या दिवशी वनरक्षक आणि वनपाल पाहणीला आले. दरडीसमोर बसून पंचनामा झाला, पंच म्हणून काकाजी आणि मोटारपंपाचे मालक. काकाजींनी सही करण्याआधी पूर्ण वाचून घेतलं आणि ‘चिमणीसारखे पक्षी’ हे शब्द खोडायला लावले. “चिमन्या कायच्या? नाव लिहून देलं ना ताईनं.”

७ मार्चला वन विभागाचं पत्र तहसीलला गेलं, एक प्रत मला आली. वीण सुरू असल्याने सदर ठिकाणी हंगाम संपेपर्यंत माती उत्खनन करू नये, एवढाच मजकूर. होळीच्या आत तहसीलकडून भट्टीवाल्यांना निरोप पोचला. त्यांनी माती खालच्या वळणावरून घेतली, जिथे काठ उतरता आहे आणि एकही बीळ नाही. त्यांचा ट्रॅक्टरचा फेरा लांब पडला, डिझेल जास्त गेलं. ते त्यांनी सोसलं, हे कुठल्या कागदावर नाही म्हणून इथे लिहिते.

पैशांचं सांगायचं तर अर्ज, प्रिंटा, पोस्ट मिळून दोनशेच्या आत. दुर्बीण मात्र मी जानेवारीत जुनी विकत घेतली, ३,२०० रुपयांना. ती नसती घेतली तरी चाललं असतं, सरांची होतीच.

हंगाम संपला हे कसं ठरवायचं, हा शेवटचा प्रश्न होता, कारण पत्रात तारीख नव्हती. सँड मार्टिनचा हिशोब अंडी उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला तीन आठवडे असा असतो. त्यावरून शेवटची पिल्लं एप्रिलच्या मध्यापर्यंत उडतील असं धरलं. मार्चमध्ये बिळांच्या तोंडाशी पिल्लं दिसू लागली, पाठीवरच्या पिसांना बदामी कडा असलेली. एप्रिलमध्ये चित्रावरचे आकडे एकेक करून खोडत गेले.

१२ एप्रिलला भट्टीवाल्या दादांचा फोन आला. पावसाआधी पुढच्या सालासाठी माती टाकून ठेवायची होती.

“ताई, गेले काय तुमचे पाखरं? जेसीबीवाल्याले सांगू काय?”

“दोन बिळांत अजून येणं-जाणं आहे, दादा. पुढच्या सोमवारी पाहून सांगते.”

“सोमवारी नक्की सांगा पन. आन माती सरळच कापतो ना, उभी? काकाजी म्हने, तशीच लागते त्याईले.”